आडवं पिंप

मराठीत 'मुरणं' हे मोठं गुणी क्रियापद आहे. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, पाऊस जमिनीत मुरतो, आणि कुणाच्या व्यवहारात कुठेतरी पाणी मुरतंय असा संशयही आपल्याला येतो. माणूस एखाद्या कामात मुरतो, आणि मग त्याला कुणी फसवू शकत नाही. ३६ वर्षं शाळेत मराठी शिकवताना हे क्रियापद मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल देव जाणे! पण बिअरसुद्धा मुरवतात, तीही आडव्या ठेवलेल्या लाकडी पिंपात, हे मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं. नुसतं कळलं नाही, चाखून कळलं.

हां, आता काहींच्या भुवया वर गेल्या असणार. विशेषतः साताऱ्याच्या वन्संच्या आणि आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या. त्यांना विनंती एवढीच, की आधी शेवटपर्यंत वाचावं आणि मगच फोन करावा!

तर आधी माझी बाजू स्पष्ट करते. मी आडव्या बाटलीला मत दिलेली बाई आहे. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर बायका मतदान करतात, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. नियम असा, की गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा. झालेल्या मतांच्या निम्म्या नव्हे बरं का, एकूण मतदारांच्या! म्हणजे जी त्या दिवशी घरी बसली, शेतावर गेली किंवा माहेरी गेली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात. त्यामुळे खरं काम मतदानाच्या आधीचं. आम्ही चार शिक्षिका महिनाभर संध्याकाळी घरोघरी फिरलो होतो. ही २००८ ची गोष्ट, निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं तेव्हाची. निकाल आडव्या बाटलीच्या बाजूने लागला आणि गावातलं देशी दारूचं दुकान बंद झालं.

मी त्या फंदात का पडले? तर वर्गात जे दिसायचं त्यामुळे. आठवीतला एक मुलगा दिवाळीनंतर पुस्तकांशिवाय येऊ लागला. रोज विचारल्यावर एक दिवस म्हणाला, "बाई, बापानं रद्दीत घातली." एक मुलगी पहिल्याच तासाला बाकावर डोकं टेकून झोपायची. घरी रात्री कोण झोपू देतंय? असल्या गोष्टी मी इथे वाढवून सांगणार नाही. ज्यांनी खेड्यात नोकरी केली आहे त्यांना त्या तोंडपाठ असतील.

आपलं राज्य या बाबतीत गमतीचंही आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने अजून जिवंत आहे, आणि त्यानुसार प्यायला परवाना लागतो. बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं ते त्याचमुळे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे सबंध राज्यच एकाच वेळी उभ्या आणि आडव्या बाटलीला मत देत आलेलं आहे म्हणा ना!

असो. आता दुसरी गोष्ट. ती नाकाची.

आमच्या घरात कॉफीला एक विशेष स्थान होतं. माझ्या माहेरी पोलसनची कॉफी यायची. पोलसन म्हणजे मुंबईचे ते पारशी, लोणी आणि कॉफी दोन्ही विकणारे. एकादशीला आणि पाहुण्यांना कॉफी, एरवी चहा. लग्नानंतर सासरी पाहते तर कॉफी करायचं काम चक्क ह्यांच्याकडे! दर रविवारी दुपारी चार वाजता हे स्वयंपाकघरात शिरत आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढत. दूध-पाणी उकळायचं, कॉफीची पूड टाकून झाकण ठेवायचं, फडक्यातून गाळायचं, आणि शेवटी किसणीवर जायफळ. जायफळ किती, हे त्यांनी मला कधीही सांगितलं नाही. "तुझ्या हातात दिलं तर तू झोपवशील सगळ्यांना," म्हणत. तो वास जिन्यापर्यंत यायचा. हे २०१६ मध्ये गेले. त्यानंतर रविवारची कॉफी मी करत राहिले. जायफळ अंदाजाने घालत होते. चव काही जमली नाही तशी, पण वास जमला होता. आणि मला तेवढं पुरत होतं.

एप्रिल २०२१ मध्ये करोना झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण वास साफ गेला. उदबत्ती नाही, हिंग नाही, नासलेलं दूध नाही. हे पुष्कळांना झालं, त्यामुळे त्याचं फारसं वाटून घेतलं नाही. पण जूनच्या शेवटी वास परत येऊ लागला तो वेडावाकडा होऊन! फोडणी टाकली की लसूण गटारासारखा येई. कांदा परतला की तेच. शेंगदाणे भाजले, थालीपिठाची भाजणी भाजली की घराबाहेर पळावं असं होई. नीट विचार केल्यावर लक्षात आलं, की ज्याला आपण 'खमंग' म्हणतो नेमकं तेच सगळं बिघडलं होतं. कच्ची काकडी ठीक, ताक ठीक, पण भाजलेलं, परतलेलं, तळलेलं काही म्हणजे काही नाही. आणि एका रविवारी चार वाजता कॉफीचं पातेलं उघडलं, तर जळक्या रबराचा आणि सांडपाण्याचा मिळून असा काही भपकारा आला की मी पातेलं तसंच मोरीत ओतलं. दहा-बारा दिवसांनी पुन्हा करून पाहिली. पुन्हा तेच. मग कॉफीचा डबा शेजारी देऊन टाकला.

मला त्या वेळी जी भीती वाटली ती सांगायला थोडी चमत्कारिक आहे. जेवण जाईना म्हणून वजन उतरलं, ते चालायचंच. पण ह्यांची आठवण आली की पाठोपाठ तो रबराचा वास मनात येऊ लागला. माणूस गेलं तरी त्याचा एखादा वास आपल्याजवळ राहतो, तोच नासला तर उरलं काय?

लेकीने मिशिगनहून फोनवर समजावलं, की याला पॅरॉस्मिया म्हणतात आणि तू एकटी नाहीस. आमचं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे रसायनांची नावं ऐकली की अजून पोटात गोळा येतो. पण तिने सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. आपल्या नाकात वास ओळखणारी सुमारे ४०० तऱ्हेची ग्राहकं असतात. एकेक वास म्हणजे एक सूर नव्हे, पेटीवर एकदम दाबलेल्या अनेक पट्ट्या. करोनात नाकातल्या पेशी बिघडल्या, आणि नव्या येताना सगळ्या एकदम आल्या नाहीत. म्हणजे पेटी तीच, पण काही पट्ट्या मुक्या. मग तीच चीज वाजवली तरी बेसूर येणार. इंग्लंडात रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा रुग्णांना कॉफीतला एकेक रेणू वेगळा काढून हुंगायला दिला, तेव्हा बहुतेकांचं बोट एकाच रेणूकडे गेलं. त्याचं नाव २-फ्युरानमिथेनथायॉल. (हे नाव मी तीनदा तपासून टंकलं आहे!) गंधकाचा हा रेणू भाजण्यातून तयार होतो, आणि निरोगी नाकाला त्यातूनच कॉफीचा कॉफीपणा कळतो. जे उत्तम होतं तेच उलटलं होतं म्हणायचं.

उपाय म्हणून तिने नाकाची शिकवणी सुचवली. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, असे चार वास सकाळ-संध्याकाळ हुंगायचे, किमान बारा आठवडे. मला हे फार आवडलं, कारण चारही वस्तू घरात होत्या. गुलाबपाणी, लिंबाची साल, लवंगा, आणि सर्दीसाठी ठेवलेलं निलगिरीचं तेल. झाकणाच्या चार बाटल्या केल्या आणि रोज देवपूजेनंतर हुंगायला बसू लागले. शाळेत पाढे म्हणून घ्यायचे तसे वास म्हणून घेतले. आधी लिंबू आलं, मग निलगिरी. लवंग आली ती जवळजवळ सात महिन्यांनी, पण आली ती अगदी खणखणीत. पुढे फोडणीही हळूहळू माणसात आली. कॉफीच्या वाटेला मात्र मी गेले नाही. हिंमत होत नव्हती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये लेकीकडे गेले. ती मंडळी डेट्रॉइटजवळ नोवाय नावाच्या गावात राहतात. मोटारींच्या कारखानदारीमुळे पुण्या-चिंचवडची बरीच इंजिनिअर मंडळी त्या भागात आहेत, आमचे जावईही त्यातलेच. पानझडीचे दिवस होते, झाडं हळदी-कुंकवासारखी लाल-पिवळी झाली होती. जावयांना बिअरचा शौक आहे, पण पिण्यापेक्षा वाचण्याचाच जास्त. २००९ मध्ये पुण्यात डूलाली निघाली, देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी एक, तेव्हापासून त्यांना हे वेड लागलं म्हणे. एका शनिवारी जेवणानंतर त्यांनी एक काळीभोर बाटली काढली आणि माझ्याकडे पाहून संकोचले.

"आई, तुमची हरकत नाही ना? आम्ही तिघं-चौघं मिळून एकच घेणार आहोत."

"घ्या की. तुमचं घर आहे. आहे काय त्यात?"

झालं! शिक्षकाने असा प्रश्न विचारला की विद्यार्थी दोन तऱ्हेचे निघतात, गप्प बसणारे आणि थांबता न येणारे. आमचे जावई दुसऱ्या प्रकारचे.

बिअर होती मिशिगनमधल्याच ग्रँड रॅपिड्स शहरातल्या फाउंडर्सची, नाव केंटकी ब्रेकफास्ट स्टाउट. न्याहारीचा आणि हिचा काय संबंध विचारलं, तर म्हणाले की हिच्यात कॉफी आणि चॉकलेट घालतात. स्टाउट या शब्दाचा अर्थ दणकट. अठराव्या शतकात लंडनच्या हमालांमध्ये पोर्टर नावाची गडद बिअर लोकप्रिय झाली, आणि तिच्यातली जी जोरकस ती स्टाउट. हिचं मूळ धान्य म्हणजे आपला सातू. तो भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा. मी म्हटलं, हे तर आमचं नाचणीचं सत्त्व! मोड येईपर्यंत दोन्हींची कृती एकच, पुढे एक बाळाच्या वाटीत जातं आणि एक पिंपात. मग त्या सातूतला काही भाग चक्क काळा होईपर्यंत भाजतात. लंडनमध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या माणसाने १८१७ मध्ये त्यासाठी फिरत्या पिंपाच्या भट्टीचं पेटंट घेतलं, कॉफी भाजायच्या यंत्रासारखंच ते. म्हणून कॉफीचा एक दाणा न घालताही स्टाउटला कॉफीची झाक येते. भाजण्याचं रसायन दोन्हीकडे एकाच घराण्याचं.

हे ऐकून मी खुर्ची जरा मागे घेतली. म्हणजे माझ्या दृष्टीने यात वैरी दुहेरी होता!

"आणि पिंप?" मी विचारलं, विषय बदलावा म्हणून.

पिंपाची कथा मात्र मला मनापासून आवडली. अमेरिकेत बर्बन नावाची व्हिस्की होते, मुख्यतः मक्याची. कायद्याने तिच्यात निदान ५१ टक्के मका हवा, आणि ती नव्याकोऱ्या ओकच्या पिंपातच ठेवायला हवी. त्या पिंपाला आतून जाळ लावून कोळसा धरवलेला असतो. पिंप साधारण २०० लिटरचं. ते वखारीत आडवं घालून ठेवतात. वर्षानुवर्षं उन्हाळ्यात दारू लाकडात शिरते, हिवाळ्यात बाहेर येते, आणि थोडी उडून जाते. उडून गेलेल्या भागाला ते लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. (आमच्याकडे दुधात असा वाटा मांजराचा असतो.) पण एकदा बर्बन काढली की ते पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. दर वेळी नवंच हवं. मग या निवृत्त पिंपांचं करायचं काय? काही स्कॉटलंडला व्हिस्कीसाठी जातात, टॅबॅस्को नावाच्या तिखट सॉसची मिरची अशाच पिंपांत मुरवतात, आणि काहींत अशी स्टाउट भरतात. लाकडात मुरलेली बर्बन, व्हॅनिलासारखा वास, कोळशाचा धूर, हे सगळं हळूहळू बिअरमध्ये उतरतं. मी आणि माझ्या निवृत्त मैत्रिणी एकमेकींना फोनवर "आता आपला काय उपयोग!" म्हणत असतो. त्यांना ही पिंपाची गोष्ट कळवायला हवी.

आणि ही पिंपं ठेवतात कुठे? तर ग्रँड रॅपिड्सच्या पोटात जिप्समच्या जुन्या खाणी आहेत, तिथे जमिनीखाली, जिथे बारा महिने थंडावा एकसारखा असतो. तिथे जवळजवळ वर्षभर. जिप्सम म्हटल्यावर मात्र मी ताठ बसले. जिप्सम भाजलं की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं, आणि आपल्या शाळांतले खडू त्याचेच! ३६ वर्षं ज्याची भुकटी माझ्या पदराला, नखांत आणि नाकात बसली, त्याच दगडाच्या पोटात ही बिअर वर्षभर पडून होती. एवढं नातं निघाल्यावर मी म्हटलं, "मला वास तरी घेऊ द्या."

लेक एकदम म्हणाली, "आई, नको. त्यात कॉफी आहे. उगाच तुला त्रास होईल."

जावई म्हणाले, "आहे कॉफी. पण ती एकटी नाहीये, आई. बरोबर बरीच मंडळी आहेत."

मला ते वाक्य पटलं. रक्तदाबाच्या गोळीवर घोटभर घेतल्याने काही बिघडत नाही, असं डॉक्टरांनी मागे एकदा सांगितलेलं होतं, तेही लेकीला आठवलं. मग औषधाच्या पेल्याएवढ्या ग्लासात त्यांनी साधारण चार चमचे ओतली. बाटली अर्धा तास आधीच बाहेर काढून ठेवली होती, फार गार असली की वास उघडत नाही म्हणून. रंग पूर्ण काळा, वर बदामी फेस, तोही लगेच बसला.

आता मुद्द्याचं. जावयांच्या फोनमध्ये अशा बिअरचं वर्णन करणारे इंग्रजी शब्द भरलेले होते. मी म्हटलं, ते राहू दे, मी माझे शब्द लावते. आपल्या मराठीत वासाचे आणि चवीचे शब्द काय कमी आहेत? कडवट, तुरट, आंबूस, खवट, कुबट, ओशट, धुरकट, करपट, उग्र, खरपूस, खमंग. आठवीच्या वर्गाला मी हे शब्द वासासकट शिकवायचे. खवट म्हणजे जुनं खोबरं, कुबट म्हणजे पावसाळ्यातली गोधडी, करपट म्हणजे लक्ष दुसरीकडे असताना उतू गेलेलं दूध.

ग्लास आधी हातभर लांब धरला, मग हळूहळू जवळ आणला. पहिल्यांदा आली ती काकवी. गुऱ्हाळावर कढईच्या कडेला जी दाट काळी काकवी चिकटते, ती. मग खारीक. मग व्हॅनिला, तोही कस्टर्डच्या डब्यातला नव्हे, जरा लाकडी. मग आमच्या जुन्या घरातला पाण्याचा बंब, सकाळी ढलप्या घालून पेटवल्यावर पहिल्या पाच मिनिटांत येतो तो धूर. रबर नाही. मी थांबले. पुन्हा हुंगलं. रबर नाही.

मग एक घोट. दाट लागली, जिभेवर किंचित ओशट. आधी गोड, पण त्या गोडाला लगेच कडवटपणा धरतो, भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याचा. मग बाजूंनी तुरट, लाकडाचं. गिळल्यावर घशातून आल्याच्या काढ्यासारखी ऊब उतरली, ती त्या १२ टक्क्यांची. आणि मग मी श्वास सोडला.

आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग खरं तर वासच असतो, घशामागून नाकात चढणारा. तिथून, मागच्या दाराने, कॉफी आली. भपकारा नव्हे, जिन्यापर्यंत येणारा वास. आणि तिला लागून काहीतरी उबदार, मसाल्याचं. मी म्हणाले, "यात जायफळ आहे का?" जावयांनी शोधलं. जायफळ नव्हतं. पण ओकच्या लाकडात युजेनॉल नावाचं द्रव्य असतं, आणि लवंगेचा वास मुख्यतः त्याचाच. म्हणजे माझी लवंग! तीन वर्षं रोज देवपूजेनंतर जिची शिकवणी घेतली तीच कॉफीचा हात धरून आली होती. डोळ्यांत पाणी आलं. लेकीला वाटलं ठसका लागला, ती पाणी आणायला धावली. मी तिला काही सांगितलं नाही. चार चमच्यांतले उरलेले दोन जावयांच्या ग्लासात ओतले आणि लवकर झोपायला गेले.

या बिअरने माझं नाक बरं केलं असा कुणी अर्थ काढू नये. नाक आपलं आपणच बरं होत आलं असणार. त्या थंड, गोडसर, लाकडी गर्दीत कॉफी थोडी आडून आली म्हणून मला तिच्याकडे बघता आलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला साधी कॉफी करायला सांगितली. तिच्याकडे अख्खं जायफळ होतं. ती कॉफी निम्मी चांगली लागली. कडेला रबराची एक बारीक रेघ होती, पण आत ह्यांची कॉफी होती. मी कप पूर्ण संपवला.

आता उरला प्रश्न बाटलीचा. तो नातीने विचारला, ती पंधरा वर्षांची आहे आणि कुणाला सोडत नाही. "आजी, तू तर दारूबंदीवाली ना? मग?"

तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. मी उद्या गावात पुन्हा मतदान झालं तर पुन्हा आडव्या बाटलीवरच शिक्का मारीन, आणि घरोघरी फिरायलाही जाईन, गुडघे चालले तर. त्या दुकानातली कुणी काकवी-खारीक शोधत पीत नव्हतं. रिकाम्या पोटी, पडण्यासाठी पीत होते, आणि त्याची किंमत घरी बसलेली माणसं मोजत होती. या बाटलीतही तेच द्रव्य आहे. ३५५ मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण ३३ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे अमेरिकेच्या मोजमापात दोनाहून जास्त पेले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की मद्याचं कुठलंही प्रमाण प्रकृतीला सुरक्षित नाही. खाणीत मुरवलं म्हणून त्यात सूट मिळत नाही. पण चव उत्तम होती, आणि ती नव्हती असं मी म्हणणार नाही.

नात म्हणाली, "म्हणजे श्रीमंतांनी प्यायली की टेस्टिंग, आणि गरिबांनी प्यायली की व्यसन?"

पंधरा वर्षांची पोरगी! मी तिला म्हटलं, तुझा प्रश्न बरोबर आहे आणि याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. दिवाणखान्यातली बाटली दिसायला सुंदर असते म्हणून तिथलं व्यसन दिसायला वेळ लागतो, एवढं मात्र मी पाहिलं आहे, आणि चांगल्या शिकलेल्या घरांत पाहिलं आहे. तिचे वडील शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण ऐकत होते. एक बाटली तीन-चार जणांत, तीही थंडीच्या दिवसांत कधीतरी, हा त्यांचा नियम आहे. तो त्यांनी पाळावा, आणि नातीने त्यांच्यावर लक्ष ठेवावं. ती ठेवील!

परत येऊन आता बरेच महिने झाले. रविवारची कॉफी पुन्हा सुरू केली आहे. अर्धा कपच. रबराची रेघ काही रविवारी असते, काही रविवारी नसते. चार बाटल्यांची शिकवणीही चालू आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाचा वास गेला असेल किंवा वेडावाकडा आला असेल, तर त्यांनी धीर सोडू नये आणि कानाकोपऱ्यातल्या वैद्याचे नाकात घालायचे भलतेसलते उपाय करू नयेत. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं, आणि लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी हुंगत राहावं. वेळ लागतो. मला तीन वर्षं लागली.

आणि वासाचे आणखी मराठी शब्द कुणाला आठवत असतील तर जरूर कळवा. आजोळच्या गावचे, कोकणातले, वऱ्हाडातले, कुठलेही. वहीत उतरवून ठेवते आहे. हिरवट, उबट आणि शेवाळी इतके जमले आहेत.

असो. फार लांबलं. जायफळ संपत आलंय, चार वाजायच्या आत वाण्याकडे जाऊन यायला हवं.